पाणी कुठलं पिता?

बेळगावातल्या वडगावच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो लोटे परशुरामवरून. इटलीतल्या त्रिस्सिनो गावातला पीफासचा, म्हणजे निसर्गात सहजी न मोडणाऱ्या रसायनांचा, कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याच्या पाण्यानं तिथल्या कितीतरी गावांच्या विहिरी नासल्या होत्या. त्याचीच यंत्रं विकत घेऊन आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात आणली, असं कुणीतरी मोबाइलमधून वाचून दाखवलं. "लोटे कुठं, बेळगाव कुठं? आमचा बळ्ळारी नाला काय कमी आहे?" असं एकजण म्हणाला आणि गाडी नाल्याकडे वळली. नाल्याकाठच्या गल्ल्यांतले कॅन्सर बोटांवर मोजून झाले. त्यावर दुसऱ्यानं ठणकावलं, "पुरावा दाखव. आयुष्यभर तंबाखू मळायची आणि शेवटी बिल नाल्याच्या नावावर फाडायचं." मग बेळगावात कुठल्याही वादाचं जे होतं तेच झालं. कृष्णेचं पाणी नासवतं कोण, महाराष्ट्र की कर्नाटक, यावर दोन गट पडले आणि नाला बाजूलाच राहिला.

मला हा सगळाच वाद चुकीच्या बांधावर चाललाय असं वाटतं. कॅडमियम, क्रोमियम, पारा, पीफास, जुनी कीटकनाशकं ही मातीत आणि माणसाच्या अंगात वर्षानुवर्षं ठाण मांडून बसणारी रसायनं आहेत. त्यांच्या बाबतीत "अमक्याचा आजार अमक्याच पाण्यानं झाला हे आधी सिद्ध करा" अशी अट घातली, की ते कधीच सिद्ध होणार नाही याची सोय झाली. आधी मोजायचं असतं. विहिरीत किती, भातात किती, माणसात किती. तेही सरकारच्या खर्चानं, कुणी आजारी पडायची वाट न बघता, आणि सीमेच्या दोन्ही अंगांना एकाच मापानं.

हे मी कट्ट्यावरून बोलत नाही. गेली अठरा वर्षं मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. जांभळ्या टोपणाची व्हायल सीबीसीला, राखाडी शुगरला, लाल किडनी-लिव्हरला. जड धातू तपासायचे तर गडद निळ्या टोपणाची व्हायल लागते, कारण साध्या नळीच्या काचेत-रबरातच धातूचा अंश असू शकतो. ती नळी आमच्याकडे कपाटाच्या वरच्या फळीवर असते. तिची मुदत संपते, आम्ही ती फेकतो, नवी मागवतो. अठरा वर्षांत तिची गरज मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वेळा पडली, आणि त्या वेळीही नमुना कुरियरनं मोठ्या शहरात गेला. आमच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, मोबाइल नंबर आणि डॉक्टरचं नाव एवढंच असतं. गावाची ओळ आहे, पण तिथं बहुतेक जण "बेळगाव" लिहून मोकळे होतात. धंदा काय, पाणी विहिरीचं की नळाचं, हे कुणी विचारत नाही. आता सांगा, ज्या कागदावर पाण्याचा रकानाच नाही, त्या कागदांच्या ढिगातून पाण्याचा पुरावा निघणार कुठून?

आणि जे तपासतो त्यात तरी काय दिसतं? क्रिएटिनिन नॉर्मल आलं की माणूस हातात रिपोर्ट घेऊन हसत जातो. पण दोन्ही किडन्यांची निम्म्याच्या आसपास ताकद जाईपर्यंत हा आकडा फारसा हलतच नाही. कॅडमियमचा मार आधी दिसतो तो लघवीत, बीटा-टू मायक्रोग्लोब्युलिन नावाच्या बारीक प्रथिनात. ती तपासणी कुणी लिहून देत नाही, म्हणून कुणी करत नाही.

आता तंबाखूवाल्यांचं म्हणणं. ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही. निपाणीचा तंबाखू, विडी, गुटखा यांनी या भागातली तोंडं आणि फुप्फुसं किती खाल्ली हे लॅबवाल्यांना वेगळं सांगायला नको. किडनी गेलेल्या दहा माणसांत शुगर आणि बीपीचे किती निघतात तेही आम्ही रोज बघतो. अंगदुखीला रोज एक गोळी चघळणारी शेतकरी माणसं आहेत, ती गोळीही किडनीच खाते. माणसं पूर्वीपेक्षा जास्त जगतात आणि तपासण्या वाढल्यात, म्हणून कॅन्सर जास्त सापडतो. हे सगळं खरं आहे. "गल्लीत पाच कॅन्सर झाले, म्हणजे नाल्यानंच" हे विधान लॅबच्या टेबलावर दोन मिनिटं टिकणार नाही.

पण तंबाखूचं नाव घेणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नसावी. तंबाखूचं झाड मातीतलं कॅडमियम ओढून पानात साठवतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगात न ओढणाऱ्याच्या साधारण दुप्पट कॅडमियम सापडतं. म्हणजे जो तंबाखूला दोष देतो तो मातीला दोष देतच असतो, फक्त त्याला ते कळत नाही. एकाच अंगात धूर, भात, खतं आणि पाणी अशा चार वाटांनी तेच विष उतरत असेल, तर तीन वाटा दाखवून चौथीकडे बघू नका म्हणणं हा कसला युक्तिवाद? उलट ज्याची किडनी शुगरनं आधीच अर्धी केली आहे, त्याला चौथी वाट जास्त महागात पडते.

आपल्या भागाला सगळ्यात जवळचा धडा जपानातला आहे आणि तो भाताचाच आहे. तोयामा प्रांतातल्या जिंझू नदीवर वरच्या अंगाला कामिओकाची खाण, तिचं कॅडमियम नदीतून खाली पाटाच्या पाण्यानं भातशेतात. तिथल्या बायकांची, त्यातही पाळी गेलेल्या, बऱ्याच बाळंतपणं झालेल्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानं बरगडी मोडायची. "इताई, इताई" म्हणजे "दुखतंय, दुखतंय". आजाराचं नावच ते पडलं. तिथंही आधी तेच बोललं गेलं: खाणंपिणं निकस, बाळंतपणं फार, म्हातारपण. यातलं एकही खोटं नव्हतं. या सगळ्या गोष्टींनी त्या बायकांना आधीच कमकुवत केलं होतं आणि कॅडमियमनं शेवटचा घाव घातला. १९६८ मध्ये सरकारनं तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला. १९७१ मध्ये तोयामाच्या न्यायालयानं ठरवलं की कुठल्या पेशीत काय बिघडलं याची संपूर्ण साखळी दाखवायची गरज नाही, नदीकाठचा आजाराचा नकाशा आणि विषाचा नकाशा एकावर एक बसतो एवढं पुरे. पुढे तिथल्या शेतकऱ्यांनी एक हक्क मिळवला, तो मला पैशापेक्षा मोठा वाटतो. दरवर्षी आपले शास्त्रज्ञ बरोबर घेऊन खाणीच्या आत जाऊन पाहणी करायची. शेतांची माती बदलण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं. कॅडमियम एकदा किडनीत बसलं की त्यातलं निम्मं निघायलाच दहा ते तीस वर्षं लागतात. शेतात बसलं की पिढी जाते.

आमच्या वडगाव, शहापूर, येळ्ळूरच्या शिवारात बासमती पिकतो, भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. पावसाळ्यात नाला फुगतो, जलपर्णीनं तुंबतो आणि काठ सोडून शेतात शिरतो. आठ-आठ दिवस पाणी उतरत नाही. उतरल्यावर बांधावर काळा गाळ राहतो, बोटांवर घेतला तर तेलकट लागतो आणि साबणानं धुतला तरी नखाच्या कडेला दिवसभर दिसतो. कॅडमियमच्या दृष्टीनं भाताचं एक विचित्र आहे. शेतात पाणी उभं असेपर्यंत ते मातीत गंधकाशी बांधलेलं राहतं. कापणीआधी पाणी काढून शेत वाळवलं की ते सुटतं आणि दाण्यात चढतं. म्हणजे नाल्याच्या पाण्याचा नमुना पावसाळ्यात घेऊन "ठीक आहे" म्हणण्यात फारसा अर्थ नाही, दाणाच तपासायला हवा. या नाल्यात कॅडमियम आहेच असा माझा आरोप नाही. शहराचं सांडपाणी, घराघरातली घाण, आमचीच, त्यात आहे हे तर उघड आहे. पण ज्या शहरात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत आहे, फाउंड्र्या आणि मशीन शॉप आहेत, तिथल्या सखल शिवारातला दाणा दरवर्षी तपासला जावा, हे मागायला आधी कुणीतरी मरावं लागतं का?

इथं मला सगळ्यात जड वाटणारा आक्षेप येतो, आणि तो कारखानदाराचा नाही, शेतकऱ्याचा आहे. माझ्या सख्ख्या काकांचा. ते म्हणाले, "बाई, तू कागदावर लिहशील आणि आमचा भाजीपाला मार्केटात पडून राहील." बेळगावची भाजी रोज पहाटे गाड्या भरून गोव्याला जाते. उद्या "नाल्याची भाजी" असं नाव पडलं, तर जो शेतकरी नाल्यापासून पाच मैलांवर बोअरच्या पाण्यावर कोथिंबीर घेतो त्यालाही दर मिळणार नाही. गावाला आजाराचं नाव चिकटलं की पोरींच्या सोयरिकी अडतात, तो भाग वेगळाच. जपानच्या मिनामातात कारखान्याच्या पाऱ्यानं माणसं आजारी पडली, तिथंही असंच झालं होतं. आजार लपवला गेला तो आधी घरात, लग्नाच्या भीतीनं. काकांना मी काय उत्तर देणार? एवढंच सांगितलं, की अफवा आताच सगळ्या भाजीला चिकटते आहे, कारण कुठली कुठल्या पाण्यावरची हे सांगणारा कागद कुणाकडेच नाही. गट नंबरवार तपासणी झाली तर बोअरवाल्याची कोथिंबीर सुटेल. ज्याच्या शेतात सापडेल त्याला मात्र भरपाई आधी आणि नाव नंतर, हा क्रम कायद्यानंच बांधलेला हवा. नाहीतर काकांचं म्हणणं बरोबर ठरेल. काका हे ऐकून गप्प बसले. पटलं म्हणून की जेवायची वेळ झाली म्हणून, ते कळलं नाही.

मोजलं की काय होतं, ते अमेरिकेत ओहायो नदीकाठी पार्कर्सबर्गला दिसलं. टेफ्लॉनसाठी वापरलं जाणारं पीएफओए, पीफासपैकीच एक, तिथल्या कारखान्यातून पिण्याच्या पाण्यात उतरलं होतं. एका शेतकऱ्याच्या गाई मरू लागल्या, तो कोर्टात गेला, मग सगळा भागच कोर्टात गेला. तडजोडीतून एक गोष्ट शहाणपणाची झाली: सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिलं आणि आपल्या आजारांची माहिती भरून दिली. त्यासाठी प्रत्येक मोठ्या माणसाला ४०० डॉलर मिळाले. रोजगार बुडवून कोण फुकट रक्त देईल? तीन शास्त्रज्ञांच्या समितीनं काही वर्षं काम करून २०१२ पर्यंत सहा आजारांशी संबंध असण्याची शक्यता जास्त असल्याचं सांगितलं: किडनीचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, थायरॉइड, वाढलेलं कोलेस्टेरॉल, मोठ्या आतड्याचा व्रणाचा आजार आणि गरोदरपणातलं बीपी. यादीबाहेरच्या कित्येक आजारांबद्दल मात्र असा संबंध दिसत नाही हेही त्यांनीच सांगितलं. मला हा दुसरा भाग तितकाच मोलाचा वाटतो. मोजल्यामुळे कंपनी अडकली, तशीच खोटी भीतीही गेली. इटलीतही आयांनी पोरांच्या रक्तातले आकडे हातात आल्यावर रस्ता धरला, आणि जून २०२५ मध्ये विचेंझाच्या न्यायालयानं त्या त्रिस्सिनोच्या कारखान्याच्या ११ जणांना दोषी ठरवलं, सगळ्यात मोठी शिक्षा १७ वर्षांची. लोट्याची कंपनी आपण सगळे नियम पाळतो म्हणते. पाळतही असेल. पण अमेरिकेनं २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यात पीएफओएला लिटरमागे एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या चौपट एवढीच मर्यादा घातली, आणि आपल्याकडे पाण्यातल्या पीफासला कायद्याची मर्यादाच नाही. नसलेला नियम पाळायला काय कष्ट पडतात?

आता सीमेचं. आम्हा बेळगावकरांची ही जुनी जखम आहे, त्यामुळे जपून लिहिते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि आम्ही इकडे राहिलो. त्याच वर्षी १ मे रोजी मिनामाताच्या डॉक्टरांनी "कारण न कळणारा आजार" म्हणून आरोग्य केंद्राला कळवलं होतं. तिथं मान्यता मिळायला १९६८ उजाडलं. मधल्या बारा वर्षांत कारखान्याच्याच डॉक्टरनं मांजरांना सांडपाणी पाजून आजार उभा करून दाखवला, तो निष्कर्ष दाबला गेला. रोग्यांना "सहानुभूतीचे पैसे" देऊन पुढे कारण सिद्ध झालं तरी मागणी करणार नाही असं लिहून घेतलं. आणि पुराव्याची वाट बघताना १९६५ मध्ये निइगाताला, दुसऱ्या कंपनीच्या दुसऱ्या नदीवर, तोच आजार उगवला. थांबण्याची किंमत भलत्याच गावानं मोजली.

आपल्याकडे थांबण्याला सीमा फार सोयीची पडते. पंचगंगेत इचलकरंजीच्या बाजूचं पाणी फेसाळतं, तेरवाडच्या बंधाऱ्यात मासे तरंगतात, मग ते पाणी नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतं आणि राजापूरचा बंधारा ओलांडला की कर्नाटकाचं होतं. इकडचे लोक म्हणतात महाराष्ट्रानं विष सोडलं. तिकडचे म्हणतात तुमचे साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्या आधी बघा. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचाही त्यात फायदा आहे, कारण समोरच्याकडे बोट दाखवताना स्वतःच्या नदीत नळी बुडवावी लागत नाही. रोग्यांचंही तसंच. चिकोडी-अथणीचा माणूस मिरजेला जातो, निपाणीचा कोल्हापूरला, खानापूरचा गोव्याला, आमचा इथंच किंवा हुबळीला. एकाच नदीचे रोगी तीन राज्यांच्या फायलींत विखुरले तर नकाशा एकावर एक बसणार कसा?

"दोन राज्यं एकत्र येणार नाहीत, हे स्वप्न आहे" असं म्हणणाऱ्यांनी कासरगोडकडे बघावं. सीमाप्रश्नावरच्या ज्या महाजन आयोगाचं नाव निघालं की बेळगावात अजून आवाज चढतो, त्याच १९६७ च्या अहवालात चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा कासरगोड कर्नाटकाला द्या असं म्हटलं होतं. तो केरळातच राहिला. तिथल्या काजूच्या बागांवर सरकारी महामंडळानं सन २००० पर्यंत दोन दशकांहून जास्त काळ हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान हे कीटकनाशक फवारलं. पद्रे गावच्या एका डॉक्टरनं आपल्या दवाखान्यात येणाऱ्या मतिमंद मुलांची आणि कॅन्सरची नोंद ठेवली म्हणून गोष्ट बाहेर आली. सीमेच्या अलीकडे, दक्षिण कन्नडमध्ये कोक्कडच्या आसपास, कर्नाटकाच्या महामंडळानंही तेच औषध त्याच पिकावर मारलं. औषध एक, झाड एक, वारा एक, आणि पीडितांच्या याद्या दोन, निकष दोन, मदतीचे दर दोन. तिथला प्रत्येक आजार एंडोसल्फाननंच झाला हे सिद्ध झालं का? नाही. काही शास्त्रज्ञ अजून शंका घेतात आणि त्यांच्या काही शंका रास्त आहेत. तरीही सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये औषध थांबवलं आणि २०१७ मध्ये केरळ सरकारला प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. शास्त्रज्ञांचा वाद मिटेपर्यंत अंथरुणावरचं पोर थांबू शकत नाही. याच न्यायालयानं १९९६ मध्ये वेल्लोरच्या कातडी कारखान्यांच्या निकालात सांगून ठेवलंय की आपलं काम निरुपद्रवी आहे हे दाखवण्याचा भार कारखानदारावर. आम्ही कट्ट्यावर मात्र तो अजून रोग्याच्या डोक्यावर देतो.

रोजगाराचा मुद्दा मी दोन ओळींत संपवते. माझा भाऊ फाउंड्रीत आहे. कारखाना बंद करा असं मी म्हणत नाही, भावाच्या लघवीची तपासणी वर्षातून एकदा करा म्हणते. त्यासाठी कारखाना चालू असावाच लागतो.

आणि एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याचं केंद्र, झाला की नाल्याचा प्रश्न सुटला, हाही गोड गैरसमज. हलग्याला एसटीपीसाठी पिकाऊ जमीन घेण्यावरून शेतकरी रस्त्यावर आले होते. सांडपाणी शुद्ध व्हायलाच हवं, यात वाद नाही. पण ते केंद्र जिवाणूंच्या जोरावर चालतं. जिवाणू घाण खातात, बीओडी खाली येतो, वास जातो. धातू ते खात नाहीत, तो गाळात बसतो. पीफासला तर ते हातही लावत नाहीत. तो गाळ खत म्हणून परत शेतात गेला, तर आपण फक्त नाल्यातलं विष ट्रॅक्टरनं नेऊन टाकलं. बीओडी हा कुजण्याचा आकडा आहे. प्रदूषण मंडळाच्या तक्त्यात तो चांगला दिसला म्हणून कुणी कॅडमियमचं प्रमाणपत्र वाटू नये. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ०.००३ मिलिग्रॅम आहे, नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. शहरात आम्ही राकसकोप-हिडकलचं पाणी पितो आणि नाल्याकाठी नाकाला पदर लावून पुढे जातो. वासावरून विष ठरवायची सवय नळवाल्यांना परवडते.

परवापासून मी आमच्या फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं दोन ओळी लिहायला घेतल्यात: गाव-शिवार, आणि पाणी कुठलं. मालकांनी विचारलं, "हे कशाला? सॉफ्टवेअरमध्ये कुठं भरणार?" मी म्हटलं, वहीत भरते. सकाळी पहिल्या नंबरला येळ्ळूरकडच्या एक आजी होत्या, उपाशीपोटी आलेल्या, क्रिएटिनिनला. विचारलं, आजी, पाणी कुठलं पिता? "विहिरीचं की. पण कुठली लिवतीस? एक नाल्याच्या अलीकडं हाय, एक पलीकडं. पावसाळ्यात अलीकडची प्याची न्हाई, वास येतोय. उन्हाळ्यात पलीकडची आटतीया." मी दोन्ही विहिरी लिहिल्या आणि कुठल्या महिन्यात कुठली तेही विचारलं. मागं रांगेतला माणूस घड्याळ बघत होता.